नागपूर जीपीओ (शहराचं मुख्य पोस्ट ऑफिस), स्पीड पोस्ट विथ रजिस्ट्रेशन : पाकीट परत आलं तरी कारण लिहून येते, माझ्याकडून पाच स्टार

सोसायटीचं सेक्रेटरीपद माझ्याकडे आहे, आणि आमचे बरेच फ्लॅटमालक पुण्याला नाहीतर बंगलोरला, फ्लॅट भाड्याने दिलेले, त्यामुळे नोटिसा पाठवणं हे वर्षभराचंच काम होऊन बसलं. एजीएम म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्या, त्याच्या आधी पूर्ण १४ दिवसांची नोटीस द्या, आणि मेंबर म्हणाला मला मिळालीच नाही तर पाठवल्याचा पुरावा दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून द्या म्हणणारे खूप आहेत, पण भांडण सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे गेलं की तिथे कागद लागतो भाऊ.

आधी आम्ही एका खासगी कुरिअरने पाठवत होतो. पाकीट परत यायचं तर कोरंच यायचं, ट्रॅकिंगवर नुसतं अनडिलिव्हर्ड, फोन केला तर पार्टी मिळाली नाही एवढंच सांगायचे. मेंबर म्हणे मी दिवसभर घरीच होतो, आता कोणाचं खरं धरायचं? म्हणून सिव्हिल लाइन्सच्या जीपीओतून पाठवणं सुरू केलं आणि तेव्हापासून दुसरीकडे गेलो नाही.

फरक कुठे आहे ते परत आलेल्या पाकिटावर दिसते. एक आता समोरच आहे. निळ्या पेनने तिरकं लिहिलंय "घर बंद", खाली तारीख, त्याखाली पुन्हा "घर बंद, सूचना दिली" आणि दुसरी तारीख, शेवटी "न मागितल्याने प्रेषकास परत", पोस्टमनची सही, बाजूला गोल शिक्का. म्हणजे माणूस दारापर्यंत गेला होता, पुन्हा गेला, चिठ्ठी ठेवून आला, पाकीट पोस्टात ठेवलं (रजिस्टर पोस्टाचा नियम सात दिवसांचा होता), कोणी न्यायला आलं नाही तेव्हा परत पाठवलं. एवढी माहिती त्या चार ओळींत आहे आणि परतीचे वेगळे पैसे पण घेतले नाहीत.

शेऱ्याशेऱ्यात फरक आहे हेही समजून घ्या, परत आलं म्हणजे पत्ता चुकला असं दरवेळी नसते. "पत्ता अपुरा" म्हणजे पोस्टमनला घर सापडलं नाही. आपल्या नागपुरात हे फार होते कारण अर्धं शहर लेआउटमध्ये (प्लॉट पाडून वसवलेल्या वस्त्यांत) आहे, प्लॉट नंबर ओळीने लागतीलच असं नाही, आणि एकाच नावाची नगरं वेगवेगळ्या टोकांना, मग लेआउटचं नाव आणि पाण्याची टाकी, मंदिर, शाळा असं काहीतरी जवळचं टाकल्याशिवाय नवीन पोस्टमनने शोधायचं कसं? "इसम राहत नाही" हे भाड्याच्या फ्लॅटचं, दारावर नाव भाडेकरूचं आणि पाकिटावर मालकाचं, भाडेकरू म्हणते मला माहीत नाही. "घेण्यास नकार" तर सरळच आहे. तिकीट कमी लावलं तर साधं पत्र नॉटपेड होते, जेवढे कमी त्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात, त्याने नाही दिले की पत्र निघालं परत आपल्याकडे.

पिनकोडचे पहिले तीन आकडे नीट पाहून घ्या. ४४० म्हणजे नागपूर शहर, ४४१ टाकलं की पाकीट रामटेक-काटोलच्या बाजूला निघते आणि तिथून फिरून येते. ही पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृतचे मोठे जाणकार, याचा मला मनापासून अभिमान आहे. आणि प्रेषकाचा पत्ता टाकाच. तो नसेल तर न पोचलेलं पत्र रिटर्न लेटर ऑफिसला जाते, तिथे नेमलेला माणूस ते उघडून आत पत्ता सापडतो का पाहतो. आपलं खासगी पत्र तिसऱ्याने कशाला उघडायचं?

कोर्टाचं पण सांगतो कारण मेंटेनन्सचा चेक बाउन्स झाला की प्रत्येक सोसायटीला हे लागते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस पाठवायची, समोरच्याला ती मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला. लोक मुद्दाम पाकीट घेत नाहीत, वाटते सुटलो. पण १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ आहे, आणि सी. सी. अलावी हाजी केसमध्ये २००७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेली नोटीस पोचली असंच धरायचं, नाही पोचली हे समोरच्याने दाखवायचं. म्हणून "नकार" किंवा "घर बंद" शेऱ्याचं पाकीट फोडू नका, तसंच बंद वकिलाकडे न्या.

रेटचं बोलायचं तर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टमध्येच घेतलं. ५० ग्रॅमपर्यंत शहरातल्या शहरात १९ रुपये, बाहेरगावी ४७, वरून जीएसटी. रजिस्ट्रेशनचे ५ रुपये वेगळे, ते काउंटरवर तोंडाने सांगून मागायचे, कारण त्यानेच पाकीट ज्याच्या नावाचं आहे त्याच्या किंवा त्याने नेमलेल्याच्या हातात जाते. ओटीपी डिलिव्हरीचे अजून ५. साध्या पत्रिकेला एवढा खर्च करायची गरज नाही, पण नोटिसेला मी डोळे मिटून हेच घेतो.

एक शेरा असा आहे की तो वाचून मन खट्टू होते, "मयत". ट्रॅकिंग पाहून समजणार नाही अशी गोष्ट पोस्टमनने शेजाऱ्यांना विचारून लिहिलेली असते. आमच्या एका वयस्कर मेंबरच्या पाकिटावर आला, आम्हाला कोणी कळवलंच नव्हतं. त्यानंतर नॉमिनेशनचं रजिस्टर काढून नॉमिनीला पत्र पाठवलं, तेही इथूनच, आणि ते पोचलं.