लिनक्स ५.३ : चालू कर्नलमधील सूचना एकगठ्ठा बदलण्याची सोय

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २०१९ मधील ५.३ या आवृत्तीत आलेली ही सोय मला मनापासून आवडली. एक्स८६ प्रोसेसरवर चालू कर्नलमधील सूचना, म्हणजे प्रोसेसरने पाळायची आज्ञा, बदलताना तिच्या पहिल्या बाइटवर आधी ब्रेकपॉइंट (तिथे पोहोचणाऱ्या प्रोसेसरला अडवणारी खूण) ठेवावा लागतो, मग उरलेले बाइट आणि शेवटी पहिला बाइट लिहावा लागतो, आणि प्रत्येक टप्प्यानंतर सर्व कोअरना (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-केंद्रांना) इंटरप्ट, म्हणजे हातचे काम थांबवणारा संकेत, पाठवावा लागतो. जंप लेबलच्या (सूचना बदलून कोडचा एखादा मार्ग चालू-बंद करण्याच्या सोयीच्या) बाबतीत पूर्वी हे सारे बदलायच्या प्रत्येक जागेसाठी स्वतंत्रपणे घडत असे. आता या जागांची, मेमरीतील पत्त्यांच्या क्रमाने लावलेली यादी एकाच फेरीत निकाली निघते. रिअल-टाइम, म्हणजे ठरलेल्या वेळेतच व्हायला हव्या अशा, कामासाठी राखून ठेवलेल्या कोअरना होणारा व्यत्यय त्यामुळे खूपच घटतो, आणि माझ्या मते या सोयीचे खरे मोल यातच आहे. यादीची जागा मात्र मर्यादित असून ती भरली की नवी फेरी करावी लागते.