कोकणातून परतल्यावर मुलांची झोप: रात्र आवरावी की सकाळ धरावी?

गौरी-गणपतीचं विसर्जन आटोपून गावाहून परत आलं की लहान मुलं असलेल्या घरात आठवडाभर एकच विषय असतो: पोरांची झोप रुळावर कशी आणायची? आमच्यापुढे दोन वाटा होत्या. एक, झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. दुसरी, रात्री जेव्हा झोपेल तेव्हा झोपू दे, पण पहिल्याच दिवसापासून सकाळी नेहमीच्या वेळेला उठवायचं. लेकीसाठी 2024 साली पहिली वाट धरली, 2025 साली दुसरी.

आमचं गाव कुडाळजवळ. रात्री भजनी मंडळ येतं, पखवाज आणि झांजा सुरू झाल्या की पेंगुळलेली पोरं ताठ उठून बसतात. उसळ-चहा होईतो साडेअकरा वाजतात. मग माजघरात ओळीने गोधड्या, त्यात चुलत भावंडांची खुसखुस. सकाळी साडेआठच्या आत कोणी डोळा उघडत नाही. 3 ते 5 वर्षांच्या मुलांना दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते, आणि तेवढी लेकीला गावीही मिळते. घरी ती 9.30 ला झोपते. म्हणजे झोप पुरेशी असते, फक्त दोन तास पुढे सरकलेली असते.

हळूहळू आणण्याची वाट मायाळू आहे, हे आधीच सांगतो. रडारड नाही, मुलाला काही बदलतंय हे कळतही नाही. तेव्हा तिची शाळा अकराची होती, त्यामुळे सकाळी हवं तेवढं झोपू देता यायचं. 14 सप्टेंबरला पहाटे ठाण्याला उतरलो, त्या रात्री 11.15, दुसऱ्या रात्री 11, तिसऱ्या रात्री 10.45. सगळं सुरळीत.

पण दोन तास पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे आणायचे म्हणजे आठ रात्री लागतात, आणि त्या सलग मिळायला हव्यात. चौथ्या रात्री, 17 तारखेला अनंत चतुर्दशी होती. आमच्या गॅलरीखालूनच मिरवणुका जातात. ढोल-ताशा, गुलाल, आणि माझ्या खांद्यावर बसून बारा वाजेपर्यंत "मोरया" ओरडणारी लेक. तिला आत नेऊन झोपवायचं माझ्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रश्न पडला, आता मोजायला सुरुवात कुठून करायची? बायको म्हणाली साडेदहा, मी म्हटलं अकरा. साडेदहाला दिवे मालवले. अंधारात ती पाय आपटत पडून राहिली, "बाबा, मला झोप येतच नाहीये." ते खरंच होतं, कारण सकाळी ती नऊला उठली होती. तिला झोप लागली साडेअकराला, आणि तोवर आम्ही दोघंही वैतागलो होतो. मग रविवारी नातेवाइकांकडे सत्यनारायण निघाला आणि मोजणी पुन्हा मोडली. वेळ जागेवर यायला सप्टेंबर संपला. या एका गोष्टीनेच माझं मत फिरलं. आपल्याकडे भाद्रपद-आश्विनात सलग आठ शांत रात्री मिळतात कुठे?

आता दुसरी वाट. माणसाच्या आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं, म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. ते अलीकडे ओढायला सगळ्यात जास्त मदत होते ती सकाळच्या उजेडाची. रात्री कितीही थोपटलं तरी हे काम होत नाही. 2025 साली 4 सप्टेंबरला तुतारी एक्स्प्रेसमधून पहाटे उतरलो आणि तिला परत झोपवलं नाही. अंघोळ घातली, गॅलरीत दूध दिलं. दुपारी एक तास झोपू दिलं आणि उठवलं.

या वाटेचं खरं दुखणं म्हणजे तिन्हीसांज. साडेसहाला ती सोफ्यावर कलंडायला लागली. तेव्हा झोपली असती तर रात्री अकरापर्यंत टक्क जागी राहिली असती. आई म्हणाली, "दिवेलागणीला झोपू देऊ नका गं तिला," आणि तिचा हात धरून खाली बागेत घेऊन गेली. आईच्या मनात लक्ष्मी यायची वेळ होती, माझ्या मनात घड्याळ, पण दोघांचं म्हणणं एकच. सव्वासातला वरण-भात, घरातले मोठे दिवे बंद, पावणेनऊला गाढ झोप. पहिले दोन दिवस किरकिर भरपूर झाली, ते सोसायची तयारी हवी.

तिसऱ्या रात्री पुन्हा अनंत चतुर्दशी आली, पुन्हा बारा वाजले. पण रविवारी सातला पडदे उघडले, केसांत गुलाल तसाच होता. ती कुरकुरत उठली, दुपारी तासभर झोपली आणि रात्री 9.30 ला आपणहून माझ्या कुशीत आली. मोजणीच नव्हती, त्यामुळे मोडायलाही काही नव्हतं.

तेव्हा ती एका वर्षाने मोठी झाली होती, हे मान्य करायला हवं. थोडं श्रेय त्याचंही असेल. प्रत्येक मूल वेगळं असतं. माझ्या बहिणीच्या दहा महिन्यांच्या बाळाला असं उठवणं मला पटणार नाही, तिथे हळूहळूच बरं. प्रवासातून ताप-सर्दी घेऊन आलेल्या मुलाला तर आधी भरपूर झोपू द्यावं. पण तीन-चार वर्षांचं, धडधाकट मूल असेल, तर मी सकाळच धरेन.

यंदा परतीचं तिकीट काढतानाही शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस हाताशी राहतील असं बघितलंय. आईला सांगून ठेवलंय, पहिल्या दोन्ही संध्याकाळी बाग तिच्याकडे.