पीएचडीचा मार्गदर्शक शोधताना ‘आयडियाज’ किती उपयोगी पडते?

अर्थशास्त्रात एम. ए. करून संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला एखाद्या प्राध्यापकाचे काम पारखायचे असेल, तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील परिचयापेक्षा ‘आयडियाज’ या अर्थशास्त्रीय संशोधन-निबंधांच्या ऑनलाइन सूचीवरील त्यांचे पान कितीतरी अधिक सांगून जाते. १९९७ साली आकाराला आलेल्या, अर्थशास्त्रातील निबंधांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या ‘रेपेक’ या स्वयंसेवी उपक्रमाच्या माहितीवर ही सेवा चालते, तिचा तांत्रिक भार सेंट लुईसची फेडरल रिझर्व्ह बँक उचलते आणि वाचकाला त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

या पानाची खरी किंमत त्याच्या मांडणीत आहे. एकाच निबंधाचा वर्किंग पेपर, म्हणजे छापून येण्याआधी प्रसृत केलेला मसुदा, आणि नियतकालिकात छापून आलेले रूप जोडून दाखवलेले असल्यामुळे, मूळ कच्चा मसुदा छापून येईपर्यंत किती वर्षे गेली आणि सहलेखक कोण होते, हे चटकन कळते. गेल्या तीन-चार वर्षांत नवे काही आलेच नसेल, तर तेही लपत नाही. आपले निबंध कोणते, हे लेखक स्वतः नोंदणी करून निश्चित करतो. त्यामुळे कुलकर्णी, पाटील अशा आडनावांच्या आणि सारख्याच आद्याक्षरांच्या लेखकांची कामे एकमेकांत मिसळण्याची शक्यता बरीच कमी होते. मात्र ज्यांनी नोंदणीच केलेली नाही, त्यांचे पान तयार होत नाही, आणि आपल्याकडच्या विद्यापीठांतील अनेक चांगले शिक्षक केवळ याच कारणाने तेथे सापडत नाहीत. पान नाही म्हणून काम नाही, असा निष्कर्ष कुणी काढू नये, हे मी आग्रहाने सांगेन. तेथे दरमहा निघणाऱ्या लेखकांच्या क्रमवारीलाही मी फारसे महत्त्व देणार नाही.

प्रवेशाच्या अटींबाबत मात्र हे पान काहीच सांगत नाही, आणि विद्यार्थ्यांची गल्लत होते ती नेमकी येथे. अमेरिकेतील बहुतेक नामांकित विभागांत निवड प्रवेश समिती करते. तेथे गणिताची तयारी, विशेषतः रेषीय बीजगणित व रिअल ॲनालिसिस, आणि शिफारसपत्रे यांना वजन असते, तर मार्गदर्शक सहसा सुरुवातीचा अभ्यासक्रम पार पडल्यावर ठरतो. म्हणून अर्जापूर्वीच प्राध्यापकांची संमती मिळवण्यासाठी धडपडण्यात फारसा अर्थ नाही. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण लागतात. शिवाय प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेताच येत नाही. ‘आयडियाज’वर ज्यांचे पान सर्वांत भरगच्च दिसते, ते बहुधा याच ज्येष्ठ मंडळींपैकी असतात. तेव्हा त्यांचे निबंध जरूर वाचावेत, पण मार्गदर्शक म्हणून त्यांचे नाव अर्जात घालण्याआधी त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, याची विद्यापीठाच्या पीएचडी विभागात चौकशी करावी.