पायी फिरायला एकच दिवस: संभाजीनगर की पैठण?

आधी चालण्याचं बघा. संभाजीनगरात भडकल दरवाजा, पाणचक्की, मग बीबी का मकबरा असं जा. एकूण तीनेक किलोमीटर, पण रस्ता वाहता आणि सावली तुरळक. सकाळी आठलाच निघा. पैठण पन्नासेक किलोमीटरवर, एसटीनं जावं लागतं. तिथं मात्र गावातला संत एकनाथांचा नाथवाडा, नागघाट, तीर्थखांब हा कोरीव दगडी स्तंभ आणि गोदाकाठचं नाथांचं समाधी मंदिर, सगळं निवांत पायी होतं.

खर्च? पाणचक्की आणि मकबऱ्याला तिकीट आहे. पैठणला घाट-मंदिरं मोकळी, एसटीचं भाडं तेवढं लागतं.

खरा फरक बघण्यात आहे. भडकल दरवाजा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा, 1612 चा. मकबऱ्याच्या भिंतीजवळ उभे राहा: संगमरवर भिंतीच्या खालच्या भागातच संपतो, वर चुन्याचा गिलावा आणि त्यातलं नाजूक नक्षीकाम. घाईत नजर घुमटावर जाते आणि हेच सुटतं. पाणचक्कीला पाणी कमी असलं की चक्र थांबलेलं दिसतं. उन्हाळ्यात ते फिरताना दिसेल अशी आशा धरू नका.

पैठणला माग चालू असलेलं विणकाम केंद्र चुकवू नका. पैठणीचा पदर उलटा करून बघा. हातमागाची नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते. सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर यंत्रमाग समजा. नाथषष्ठीच्या दिवसांत मात्र गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

इमारती आणि इतिहासाची ओढ असेल, किंवा हाताशी अर्धाच दिवस असेल, तर संभाजीनगर. संतपरंपरा आणि विणकाम जवळून बघायचं असेल, सोबत आई-आजी असतील, तर पैठणच.