‘मशीनवर तपासलेली’ कँडल

उन्हाळ्यात आमच्या गावात, यवतमाळ जिल्ह्यात, एक जण मोटरसायकलवर पाण्याचे फिल्टर घेऊन आला, आत पाणी गाळणारी सिरॅमिकची नळकांडी असते ना, म्हणजे कँडल, तसले. बचत गटाच्या बैठकीतच त्यानं दुकान मांडलं. बादलीत काळी माती कालवली, आपल्या फिल्टरात ओतली, खाली नितळ पाणी. विकायची खोकी मात्र वेगळी, बंद. त्यांवर ‘तपासलेले’ असं स्टिकर. “ताई, एकेक कँडल मशीनवर चेक होऊन येते. फ्लोराईड बी निघून जाते.” पावती मागितली तर म्हणाला, “कार्डावर नंबर हाये ना.”

फ्लोराईड पाण्यात विरघळलेलं असतं, साध्या सिरॅमिक कँडलला ते अडत नाही. तेवढी थाप तिथंच ओळखायला हवी होती सगळ्यांनी.

पण खरी गोम कँडलमध्येच होती. घरोघरी कौतुक सुरू झालं, “लय जल्दी गाळते वो बाई!” चांगली कँडल थेंबथेंब गाळते, ही तर धार सोडत होती. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं आणि गाळलेलंही गढूळच निघालं.

माझा पुतण्या बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहे. त्यानं कँडल रात्रभर पाण्यात भिजवली, दांडीला गवंड्याची लेवलची नळी बसवली आणि कँडल बादलीत बुडवून नळीत फुंकलं. प्लास्टिकच्या बुडाशी, जिथं सिरॅमिक चिकटवलेलं असतं, तिथून बुडबुड्यांची रांगच लागली. शेजारणीच्या कँडलला तर मधोमध केसाएवढी चीर. कँडल फोडायची गरजच नाही, बुडबुडे जागा दाखवतात. भिजलेल्या सिरॅमिकच्या बारीक छिद्रांत पाणी भरलेलं असतं. छिद्र जितकं बारीक तितका त्यातलं पाणी हवेनं हुसकायला जोर जास्त लागतो. १ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या छिद्राला जवळपास ३ बार दाब, म्हणजे मोटरसायकलच्या टायरातल्या हवेपेक्षाही जास्त. तोंडानं फुंकून तेवढा दाब होतच नाही. म्हणून फुंकून बुडबुडे आले की चीर नाहीतर सांधा उघडा, हे नक्की. मात्र नाही आले म्हणजे कँडल जंतू अडवतेच, असंही नाही. त्याला दाब मोजून केलेली चाचणी लागते. कोरड्या कँडलमधून हवा सहज निघते, म्हणून भिजवल्याशिवाय फुंकू नका.

विकणाऱ्याला म्हणा, खोक्यातलीच कँडल भिजवून ठेव, उद्या सगळ्यांसमोर फुंकून दाखव. पावतीशिवाय पैसे देऊ नका. त्या कार्डावरचा नंबर आता लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, तर पहिलाच प्रश्न आला, बिल आहे का?