कार्ड पर्समध्ये, नाव सोलापुरात: मतदार यादीसोबतचे वीस महिने

13 मे 2024. सकाळी सात वाजता आम्ही तिघं कोथरूडला घराजवळच्या शाळेत रांगेत उभे. माझ्या पर्समध्ये तिघांची व्होटिंग कार्डं, सासूबाईंच्या हातात काठी. टेबलावरच्या मुलाने यादी दोनदा चाळली आणि म्हणाला, "काकू, तुमची नावं इथं नाहीत." घरी येऊन कार्डाचा नंबर टाकून शोधलं. नावं होती की, सोलापुरात. आणि सोलापूरचं मतदान 7 मेलाच होऊन गेलेलं. पुण्यात येऊन चार वर्षं झाली होती. गॅस, बँक, आधार, सगळीकडे पत्ता बदलला, हे तेवढं राहिलं. कार्ड आहे म्हणजे नाव आहे, असं आम्ही धरूनच चाललो होतो. प्रत्यक्षात मत यादीतल्या नावाला असतं. कार्ड फक्त तुम्ही तेच आहात हे सांगायला, आणि त्यासाठी आधार किंवा पासपोर्टही चालतो.

तेव्हापासून घरातल्या पाच नावांच्या मागे आहे: मी, नवरा, सासूबाई, तेव्हा नुकतीच अठराची होणारी लेक, आणि दिवंगत सासरे, ज्यांचं नाव सोलापूरच्या यादीत अजून ठणठणीत होतं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही की रेशनकार्डासारखं अख्ख्या कुटुंबाचं एकच काम इथे होत नाही. ज्याचं त्याचं नाव, ज्याचा त्याचा अर्ज. सोय एवढीच की निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आपल्या मोबाईल नंबरने लॉगिन करून घरातल्या दुसऱ्याचा अर्जही भरता येतो. नव्या मतदाराला फॉर्म 6. पत्ता बदल, नावातली दुरुस्ती, हरवलेलं कार्ड, हे सगळं फॉर्म 8 मध्ये, पण एका अर्जात यातलं एकच काम. नाव काढायला फॉर्म 7. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात गेलं की नव्याने फॉर्म 6 भरायचा, ते 2022 पासून बंद झालं. आता घर बदललं की फॉर्म 8 च, आणि कार्डाचा नंबर जुनाच राहतो.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी नवऱ्याला सल्ला दिला, "पुण्यात नवीन म्हणून सहा नंबर भर, सोलापूरचं राहू दे, दोन्हीकडे कामाला येतं." असलं काही करू नका. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे, आणि फॉर्म 6 च्या शेवटी जे घोषणापत्र आपण न वाचता टिक करतो, त्यात खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

माझी पहिली चूक क्रमात झाली. उत्साहाच्या भरात मी आधी माझा आणि सासूबाईंचा पत्ता बदलून घेतला आणि मग सासऱ्यांचं नाव काढायला बसले. तेव्हा कळलं की फॉर्म 7 त्याच मतदारसंघाच्या यादीत नाव असलेल्या माणसालाच भरता येतो. मी तर तिथून निघाले होते! वाचवलं ते नवऱ्याच्या आळसाने. "करू की, घाई काय आहे" म्हणत त्याने स्वतःचा अर्ज भरलाच नव्हता, त्यामुळे सोलापूरच्या यादीत आमचा एक माणूस शिल्लक होता. त्याने मृत्यूचा दाखला जोडून वडिलांसाठी फॉर्म 7 भरला. सबमिट दाबण्याआधी बराच वेळ नुसता स्क्रीनकडे बघत बसला होता. त्या यादीत बापलेकांची नावं लागोपाठ होती.

कागदांचं म्हणाल तर माझं आधार अद्ययावत होतं म्हणून निभावलं. लाइट बिल नवऱ्याच्या नावावर. नातेवाइकाचं बिल चालतं, पण त्या नातेवाइकाचं नाव त्याच पत्त्यावर यादीत असावं लागतं, आणि नवरा तर सोलापूरकर. सासूबाईंसाठी मग बँकेचं पासबुक नव्या पत्त्याने छापून आणलं. थोडक्यात, ज्याच्या नावावर बिल आहे त्याचा अर्ज सगळ्यात आधी मार्गी लावावा, फक्त घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव काढून झाल्यावर.

अर्ज भरला की एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. त्यावर अर्ज कुठवर आला ते दिसतं. माझा तीन आठवडे एकाच टप्प्यावर होता: बीएलओ नेमले. बीएलओ म्हणजे घरी येऊन अर्जाची पडताळणी करणारा, आपल्या भागाच्या यादीचा कर्मचारी. मी रोज बघायचे आणि रोज चिडायचे. मग जुलैतल्या एका संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन. "ताई, मी तुमच्या भागाची बीएलओ. खाली गेटवर उभी आहे, तिसऱ्यांदा आले, वॉचमन वर सोडत नाही. शेरा काय लिहू?" मी तशीच धावत खाली गेले. पावसात, एका हाताने छत्री मानेशी धरून बाई रजिस्टर कोरडं ठेवायची धडपड करत होत्या. दिवसभर शाळेत शिकवतात, त्यानंतर हे. वर आणून चहा दिला. त्यांनी आधार पाहिलं, घरात किती जण, कधीपासून राहता, आणखी कोणी अठरा पूर्ण आहे का, एवढं विचारलं आणि दहा मिनिटांत उठल्या. आमच्याच इमारतीतली सात घरं त्यांच्या वहीत "बंद" अशी होती. त्यातली निदान पाच उघडी होती, हे मला माहीत होतं. तीन आठवडे अर्ज अडला होता तो आमच्याच सोसायटीच्या गेटवर. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मी खरमरीत लिहिलं. तुमच्याकडेही वॉचमनला सांगून ठेवा.

लेकीचं प्रकरण सोपं वाटलं होतं. जूनमध्ये अठरा पूर्ण, म्हणजे 1 जुलैच्या तारखेत बसली. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. तिचा अर्ज वीस मिनिटांत भरून झाला. घोळ अक्षरांनी केला. नाव इंग्रजीत टाइप केलं की शेजारच्या चौकटीत मराठी आपोआप उमटतं. आमच्या आडनावात ढ आहे आणि ळ सुद्धा. इंग्रजीत ढ आणि ध यांना एकच स्पेलिंग, ळ आणि ल यांनाही एकच. वर मराठी चांगलं येत असताना ती चौकट न वाचता मी पुढे गेले. कार्ड पोस्टाने आलं, लेकीचं पहिलं ओळखपत्र, आणि त्यावर आमच्या आडनावातल्या ढ चा ध आणि ळ चा ल होऊन काहीतरी उत्तर भारतीय झालेलं. अशा किरकोळ अक्षरचुकीमुळे मत नाकारलं जात नाही. तिने नोव्हेंबरमध्ये विधानसभेला मत दिलंच. पण कार्ड मैत्रिणींना दाखवायला ती तयार नाही.

सासूबाई 86 वर्षांच्या. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना फॉर्म 12 डी भरून घरून मत देता येतं, पण निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाचच दिवस. विधानसभेची 22 ऑक्टोबरला निघाली, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर. चकल्या तळता तळता फॉर्म भरला. ठरल्या दिवशी दोन कर्मचारी, एक पोलीस आणि व्हिडिओ काढणारा मुलगा घरी आले. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. सासूबाई खास इरकल नेसून बसल्या होत्या. मत दिलं, पाकीट चिकटवलं, आणि मग विचारलं, "मशिन नाही आणलं?" घरून मतदान मंजूर झालं की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हे मी त्यांना नीट सांगितलं नव्हतं. त्या अजून ते काढतात.

आता नवऱ्याचं. विधानसभेला तो सोलापूरला गेला, मत दिलं, शाळेतल्या मित्रांबरोबर शेंगाचटणी भाकरी खाऊन आला. मग "आता बदलतो" म्हणत म्हणत 2025 चा गणपती उजाडला. अर्ज भरला, मंजूर झाला, कोथरूडच्या यादीत नाव आलं. महाराज खूश. पण महापालिकेचं गणित वेगळं. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, नवीन नावनोंदणी करत नाही, विधानसभेची यादी ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन प्रभागांत वाटतो. यावेळी ती तारीख होती 1 जुलै 2025. त्यामुळे 15 जानेवारी 2026 ला लेक आणि मी पुण्यात मत देऊन आलो, आणि नवरा महापालिकेपुरता अजून सोलापूरकरच. त्याच दिवशी तिकडेही मतदान होतं. गेला नाही. दिवसभर घरात सगळ्यांची बोटं बघत फिरत होता.

लेकीच्या आडनावासाठी मध्ये फॉर्म 8 भरला होता. दुरुस्त कार्ड गेल्या आठवड्यात आलं. सासूबाईंनी भिंग लावून वाचलं आणि म्हणाल्या, "ढ आला गं. पण ळ कुठाय?" अर्जाची पावती काढून पाहिली. त्या चौकटीत मी ढ तेवढा दुरुस्त केला होता, ल तसाच ठेवून सबमिट दाबलं होतं.