नहाणी ट्रॅपमधला सिलिकॉन व्हॉल्व्ह: आठ महिने वापरल्यावर

बाथरूममध्ये गटाराचा वास सुटला की आधी संडासाच्या भांड्यावर ॲसिड ओतलं जातं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोष बऱ्याचदा नहाणी ट्रॅपचा, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याचा असतो, त्यातही पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाथरूममधल्या. ट्रॅपमध्ये सुमारे ५० मिमी पाणी उभं असतं आणि ड्रेनेजचा गॅस अडतो तो त्या पाण्यानेच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, घरचे कोकणात गेलेले असताना, ते उडून जातं. वर दार बंद आणि एक्झॉस्ट चालू असेल, तर पंखा हवा ओढतो ती थेट पाइपातून. पंखा लावून जाळीजवळ उदबत्ती धरा. धूर खालून ढकलल्यासारखा उसळला तर ट्रॅप कोरडा आहे.

यावर उपाय म्हणजे ट्रॅपच्या गळ्यात बसवायचा व्हॉल्व्ह, जो पाणी खाली सोडतो पण वास वर येऊ देत नाही. बोहरी आळीत, म्हणजे पुण्यातल्या हार्डवेअरच्या बाजारात, त्याचे दोन प्रकार मिळतात: स्प्रिंगच्या झाकणाचा आणि चोचीसारखा मिटणारा सिलिकॉनचा. स्प्रिंगवाला घेऊ नका. टँकर-बोअरच्या पाण्याचा क्षार स्प्रिंगवर बसतो आणि झाकण अर्धवट उघडं राहतं.

घेण्याआधी जाळी काढून ट्रॅपच्या गळ्याचा आतला व्यास मोजा. 'चार इंची' हे नुसतं नाव, आतलं माप वेगळं निघतं. गळ्यावर चिकटलेलं सिमेंट पुट्टीच्या पात्याने खरवडा, नाहीतर रबरी रिंग बसत नाही आणि कडेने वास येतच राहतो. पांढऱ्या सिमेंटने पक्कं करायला प्लंबर सांगेल. ऐकू नका, व्हॉल्व्ह काढता आला पाहिजे.

कारण केस. चोचीत केस अडकले की ती पूर्ण मिटत नाही, आणि फट वाढली की झुरळ वर येतं. रोजच्या बाथरूममध्ये दर पंधरा दिवसांनी काढून जुन्या टूथब्रशने घासावा लागतो. शिवाय निचरा मंदावतो. शॉवर जोरात असेल तर पायाखाली पाणी साचतं, म्हणून तिथे बसवू नये असंच माझं मत. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये मात्र पैसे वसूल.

तरी हे ट्रॅपमधल्या पाण्यावरचं झाकण आहे, पाण्याला पर्याय नाही. गावाला जाताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल ओता; तेलाच्या थराने पाणी हळू उडतं. खोबरेल नको, डिसेंबरात गोठून चोचीला चिकटतं.

बेसिनचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता सोडलेला असेल तर वास तिथूनही येतो. तिथे रबरी कॉलर बसवा. वरच्या मजल्यावर फ्लश झाल्यावर ट्रॅप गुडगुडत असेल, तर पाणी खेचलं जातंय. गच्चीवरच्या व्हेंट पाइपात (ड्रेनेजला हवा मिळावी म्हणून वर नेलेला पाइप) पक्ष्याचं घरटं किंवा पालापाचोळा आहे का, ते सोसायटीकडून बघून घ्या. तिथे हा व्हॉल्व्ह काही कामाचा नाही, आणि डांबरगोळ्या तर त्याहून नाहीत.